उजेड अर्धा-अर्धा

साहेब जास्त वेडे की मडम जास्त वेडी, याचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही. वकिलाचं घर असून! मामाजी, म्हणजे माझे सासरे, अमरावतीच्या कोर्टात उभे राहिले की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. पण जेवताना हा खटला निघाला की त्यांचंही काही चालायचं नाही. ते म्हणायचे, साहेब जास्त वेडे. मी म्हणायची, मडम. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघांच्या पानात भाजी वाढत म्हणायच्या, "दोघंबी सारखेच येडे हायेत. म्हनून तं संसार टिकून राह्यला. जेवा आता."

त्यांची खरी नावं दारावरच्या पाटीवर होती, ती पोस्टमनसाठी. आमच्या जिभेला ती कधी वळली नाहीत. नवरा तो साहेब, बायको ती मडम, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. युरोपातल्या कुठल्याशा लहान देशातली ही माणसं. मामाजींनी एकदा नकाशा पसरून तो देश दाखवला, तर आत्याबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि सगळा देश त्यांच्या नखाखाली गेला. "एवढासा? आमच्या नांदगाव खंडेश्वरापेक्षाई लहान दिसून राह्यला," असं म्हणून त्यांनी मडमकडे इतक्या कणवेने पाहिलं, की त्या दिवसापासून दुपारचा चहा तिकडे जायला लागला तो कायमचा.

आमच्या घराच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या त्यांना भाड्याने दिल्या होत्या. विदर्भ नुकताच महाराष्ट्रात आला होता, माझं लग्नही नुकतंच झालं होतं. इंटरपर्यंत शिकलेली म्हणून या दोघांशी इंग्रजी बोलायचं काम माझ्यावर आलं. पण सहा-आठ महिन्यांत मडम आत्याबाईंकडून अशी काही वऱ्हाडी शिकली, की मीच बेकार झाले. तिचा लाडका शब्द 'काहून'. भाजीवालीने वांगी महाग सांगितली, काहून? पोस्टमन उशिरा आला, काहून? आपली मान जराशी तिरपी करून ती असं काही विचारायची, की समोरचा माणूस खरंच विचारात पडायचा.

साहेब उंच, किडकिडीत, खाकी हाफपँटीतले. गळ्यात कायम एक चामड्याची डबी, तिच्यात उजेड मोजायचं यंत्र. हे यंत्र ते कुठेही धरायचे. विहिरीत, गोठ्यात, एकदा तर भर कोर्टात न्यायाधीशांच्या दिशेने. मामाजींनी त्या दिवशी घरी येऊन पगडी नसताना पगडी आपटल्यासारखा हात आपटला. स्वयंपाकघरात चुलीपाशी यंत्र धरलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "काय, भाकरीचा ताप पाहून राह्यले का?" साहेब हसले आणि म्हणाले, "लाइट किसी के बाप का नहीं." अकोल्यातला एक टांगेवाला वाट अडवणाऱ्याला 'रास्ता किसी के बाप का नहीं' म्हणून झापायचा, त्याच्याकडून त्यांनी हे उचललं होतं. ते पुढे त्यांचं ब्रीदवाक्यच होऊन बसलं.

ही दोघं सिनेमा बनवायची. सिनेमा म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या पोरींनी पहिल्या आठवड्यात वेण्याबिण्या घालून अंगणातून चकरा मारल्या. पण यांच्या सिनेमात नट नाही, नटी नाही, गाणं नाही, गोष्ट तर नाहीच. त्यांच्या कामाची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कॅमेऱ्याला घड्याळासारखी किल्ली होती. सकाळी साहेब तो घेऊन बाहेर पडायचे आणि मनाला येईल ते टिपून आणायचे. रीळ संपलं की भिंगाला टोपण लावून ते सगळंच्या सगळं उलटं गुंडाळायचं, आणि दुपारी तोच कॅमेरा मडमच्या हातात. तिने त्याच रिळावर, साहेबांच्या चित्रांवर, आपली चित्रं घ्यायची. काय घेतलं ते एकाने सांगायचं नाही, दुसऱ्याने विचारायचं नाही. एकाच्या हातात मशीन घुरघुरायला लागलं की दुसऱ्याने तिकडे बघायचंसुद्धा नाही, चाललेलं काम चालू ठेवायचं. मग ते रीळ बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबईला धुवायला जायचं. "मुंबईले काहून?" आत्याबाईंनी विचारलं होतं. "आपल्या विहिरीले काय पानी नाई?"

ही तऱ्हा सुचली कशी, तेही मडमनेच सांगितलं. लग्नानंतर दोघं फिरायला गेली. त्याने एक रीळ भरलं आणि गुंडाळून ठेवलं. तिला वाटलं कोरं आहे, तिने त्याच्यावरच टिपलं. धुऊन आलं तर त्याच्या नदीवरून तिच्या मावशीच्या कोंबड्या चालत होत्या. दोघं आधी कडकडून भांडली. मग ते रीळ पुन्हा लावून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पाहताना हसायला लागली. त्यानंतर त्यांनी एकट्याने कधी काही केलंच नाही. त्यांच्या गावात लोक खेळ अर्धवट सोडून उठून जायचे, शिट्ट्या मारायचे. हे सांगताना तिचा चेहरा असा फुललेला, की जणू सत्कारच झाला होता.

"पण तुम्ही एकमेकांना का टिपत नाही?" मी एकदा विचारलं. इतकी रिळं पाहिली, पण त्यात ही दोघं कुठे दिसली नव्हती.

"त्याले पाहाले मले मशीन काहून पायजे?" मडम म्हणाली.

आणि एक गोष्ट. दोघांची चित्रं एकाच फिल्मवर यायची, म्हणून प्रत्येकाने उजेड अर्धाच घ्यायचा. एकाने हावरटपणा करून सगळा घेतला, तर दुसऱ्याचं चित्र पुसून जातं. हे मी आत्याबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या बंगईवर बसून वाती वळत होत्या. बंगई म्हणजे आमच्या पडवीतला कड्यांचा लाकडी झोपाळा. त्यांनी समोर पक्षकाराशी बोलत बसलेल्या मामाजींकडे एक नजर टाकली आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाप्पा! मंग आमच्या घरी तं एकानंच सारा उजेड घेतला म्हना की!" पक्षकार हसला, मामाजींनी चष्मा पुसला.

अमरावतीला ही दोघं आली ती अकोल्याहून हाकलली गेल्यावर. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठचा मुलगा त्यांच्या देशात शिकायला गेला होता, तिथे ओळख झाली. तुमच्या कारखान्याचा सिनेमा काढू, म्हणून तो त्यांना घेऊनच आला. शेठजी खूश. हार घालून, गादीवर बसून, तासभर न हलता त्यांनी आपलं चित्र घेऊ दिलं. हे साहेबांचं रीळ. मडमने त्याच रिळावर कापसाचा बाजार घेतला. सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावून गोदामात खेळ लावला, तर शेठजींच्या कपाळातून एकामागून एक बैलगाड्या निघायला लागल्या. रुईचा गठ्ठा दाबायचा प्रेस खाली आला तो नेमका शेठजींच्या टाळक्यावर. "अरे, मेरे सर में से बैल जा रहा है! बंद करो!" शेठजी ओरडले. पण बंद कोण करणार? व्यापारी पोट धरून हसत होते. दुसऱ्या दिवशी सामानासकट टांगा स्टेशनवर. साहेब मात्र ही हकीकत अभिमानाने सांगायचे. अकोल्याचा खेळ आमचा सगळ्यात चांगला, म्हणायचे. एकही माणूस झोपला नाही.

आमच्याकडे त्यांचे खेळ बैठकीच्या खोलीत, दुपारी व्हायचे. खिडक्यांना गोधड्या ठोकायच्या, भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंजी. पहिल्याच खेळात काळा कोट घालून कोर्टात निघालेले मामाजी दिसले आणि त्यांच्या कोटावर वरून संत्र्याची सालं पडायला लागली. वरूडच्या आमच्या बागेतली संत्री आली होती, ती सोलताना मडमने आत्याबाईंचे हात टिपले होते. "माझ्या कोटावर सालं काहून?" मामाजी गरजले. आत्याबाई मात्र चादरीजवळ जाऊन आपलेच हात पाहत उभ्या राहिल्या. जन्मभर राबलेले ते हात, एवढे मोठे, चमकणारे. "अवो, हे माहे हात?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाला सालं झाडू दिली नाहीत, स्वतः झाडली.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. मामाजींची कायद्याची पुस्तकं, गड्याचे विळे, शिवणयंत्र, आणि त्या वर्षी साहेबांचा कॅमेरा. आत्याबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं, तसं कॅमेऱ्यालाही लावलं, आणि त्याचं तोंड कुठलं ते पाहून नेमकं भिंगावर लावलं. साहेब मट्कन खाली बसले. मडमने मात्र ते पुसू दिलं नाही. तिने तसंच एक रीळ काढलं. त्यात सगळ्या जगाच्या मधोमध एक धुरकट ठिपका, आणि ती प्रत्येकाला सांगत सुटली, "हे आत्याबाईनं केलं." पुढे कॅमेरा ठेवायची जागाही देवघरातला खालचा कोनाडा झाली. घरातली सगळ्यात थंड जागा ती. वऱ्हाडातल्या उन्हाचा साहेबांना फार धसका. उन्हाळ्यात टिपलेलं रीळ घरात ठेवलं तर चित्र आतल्या आत विरून जातं, म्हणायचे. म्हणून चैत्र लागला की भरलेलं रीळ घेऊन ते सायकलने बडनेऱ्याला पळत.

भांडायची दोघं रोज, आणि त्यांच्या भाषेत. आत्याबाई वाती वळता वळता आम्हाला अर्थ सांगायच्या. "मीठ जास्त झालं म्हनून भांडून राह्यले." मी जाऊन विचारलं तर खरंच मिठावरून असायचं. भांडण संपलं की मडम येऊन आत्याबाईंच्या शेजारी बंगईवर बसायची. ती जागा तिची ठरलेली होती. एका बाजूला आत्याबाई, एका बाजूला ती, मध्ये कापूस.

मग एका माघात तिला कावीळ झाली. इस्पितळातून बरी होऊन आली असं वाटलं. आत्याबाईंनी तिची खाट आमच्या पडवीत, बंगईच्या समोर टाकायला लावली. उसाचा रस, मुळा, आणखी कोणी कोणी सांगितलेलं सगळं केलं. साहेब रात्रंदिवस तिच्यापाशी. ती खाटेवर, ते समोर बंगईवर, संत्र्याच्या फोडी सोलत, त्यांच्या बिया काढत. एवढे मोठे हात आणि एवढ्याशा फोडी. आता भांडण बंद झालं होतं, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटायची.

एका दुपारी तिने मला कॅमेरा मागितला. कोरं रीळ घालून दिलं साहेबांनी, पण त्या वेळी पहिली पाळी तिने घेतली. उशीला टेकून ती दोन दिवस थोडं थोडं टिपत होती. मी आत कामात. मला फक्त मशीनची घुरघुर ऐकू यायची. झाल्यावर तिने रीळ उलटं गुंडाळलं, कॅमेरा साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि आम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत म्हणाली, "आता तुमची पाळी." होळीच्या आधी ती गेली.

मला सख्खी बहीण नाही. तेवढ्या वर्षांत ती झाली होती. कॅम्पातल्या छोट्या दफनभूमीत तिला ठेवून आलो, आणि आल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन ढसाढसा रडले. आत्याबाई रडल्या नाहीत. त्या बंगईवर आपल्या बाजूला बसून वाती वळत राहिल्या, इतक्या की गावातल्या सगळ्या देवळांना पुरल्या असत्या.

कॅमेरा कोनाड्यात तसाच. त्यात तिचं रीळ, अर्धं झालेलं. चैत्र लागला. ऊन चढायला लागलं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. साहेब रोज देवघराच्या दारापर्यंत यायचे, कॅमेऱ्याकडे बघायचे, परत जायचे. उजेड मोजायची डबीही त्यांच्या गळ्यात दिसेना. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की उशीर झाला तर तिने काढलेलं शेवटचं चित्र आतल्या आत जाईल. पण बोलायचं कोणी?

मी बोलले. म्हटलं, "साहेब, तसंच पाठवून द्या. तिचं तिचं तरी राहील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काही वंगाळ बोलले होते. "मग ते आमचं नाही," ते म्हणाले, आणि निघून गेले.

शेवटी वैशाखाच्या तोंडाशी आत्याबाईंनीच त्यांना देवघराच्या दारात धरलं. हातात पळी तशीच.

"काहून ठेवून राह्यले ते?"

साहेब मोडक्या मराठीत म्हणाले, "मी माझं चित्र टाकलं, आणि तिचं बिघडलं तर? आता ती पुन्हा नाही घेणार."

"अन् नाई टाकलं तं उन्हानं जाईल. मंग काय राह्यलं? नं तिचं, नं तुमचं."

"मी तिच्यावर पाय देईन."

"इतके वर्स काय करून राह्यले होते मंग? तुमचं तिच्यावर, तिचं तुमच्यावर. कवा बिघडलं? त्या बैलगाड्या काहाडल्या शेठच्या डोक्यातून, तवा नाई भ्याले!" आत्याबाईंचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला. "तिनं तिची पाळी केली, साहेब. जीव नव्हता हातात, तरी केली. तुमी धडधाकट हाय. उठा."

तेव्हा मी आत्याबाईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं. वळून परसात गेल्या आणि पदराने तोंड झाकून तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या गळ्यात डबी होती. कॅमेरा घेऊन ते बाहेर पडले. वाटलं, बाजारात जातील, वरूडकडे जातील. तासाभरात परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. रीळ तसंच. शेवटी दमून ते पडवीत आले आणि मडमच्या खाटेवर बसले. ती खाट आम्ही अजून हलवली नव्हती. समोर बंगई रिकामी. त्यांनी पायाने तिला एक झोका दिला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पुढचं मी फक्त ऐकलं. किल्ली संपली की पुन्हा द्यायचे, कड्यांची करकर थांबली की बंगई पुन्हा ढकलायचे. संबंध रीळ त्यांनी त्या रिकाम्या बंगईवर संपवलं. मशीन घुरघुरत होतं तोवर आम्ही कोणी तिकडे पाहिलं नाही, नियमच तो. संपल्याचं कळलं तेव्हा ते सायकल काढत होते. भर उन्हात, डोक्याला ओला पंचा बांधून, बडनेऱ्याला.

पुढे ते आपल्या देशात परत गेले, रीळ घेऊन. जाताना आत्याबाईंच्या पाया पडले आणि वाकताना पडवीच्या तुळईवर डोकं आपटून घेतलं. पण जाण्याआधी, मुंबईहून पार्सल आलं त्याच दुपारी, आम्ही खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. चादर लावली. खाली सतरंजीवर आत्याबाई, त्यांच्याशेजारी साहेब, मी, आणि नुकतीच चालायला लागलेली माझी मुलगी. मामाजी कोर्टातून लवकर आले होते. ते मागे खुर्चीवर. दिवा लागला. साहेबांनी बाजूच्या प्रोजेक्टरचं बटण दाबलं.

चित्र आलं. उन्हाने खाल्लं नव्हतं. आधी रिकामी बंगई, झुलणारी. मग तिच्यातूनच दुसरी बंगई वर आली, स्थिर, आणि तिच्यावर साहेब.

तिने साहेबांना टिपलं होतं. इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट. मशीन घुरघुरलं की साहेब बघणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, तोच नियम तिने वापरला. म्हणून चादरीवरचे साहेब खाली मान घालून नुसती संत्र्याची फोड सोलत होते. सोलली की बी काढायचे आणि पुढे हात करायचे, आमच्याकडे, म्हणजे खाटेकडे, म्हणजे तिच्याकडे. फिके दिसत होते, अंगातून लाकडाच्या शिरा दिसत होत्या. बहुतेक तिने स्वतःच्या वाट्याचा अर्धा उजेडही पुरता घेतला नव्हता. साहेबांना जास्त ठेवला होता.

साहेबांनी रडावं तरी, असं मला झालं होतं, पण ते नुसते बघत होते, ओठ किंचित उघडे. बंगई त्यांच्या खालून जायची, यायची. बसायला जागा भरपूर होती, पण चादरीवरचे साहेब ऐन मधोमध बसलेले, ऐसपैस, एकट्या माणसाने बसावं तसे.

आत्याबाईंना राहवलं नाही. चादरीकडे बघत, रोजच्या घरगुती आवाजात त्या म्हणाल्या, "सरका नं जरासे, साहेब. तिले बसू द्या."

चादरीवरचे साहेब फोड सोलतच राहिले. पण माझ्या बाजूचे, सतरंजीवरचे साहेब हातावर जोर देऊन किंचित उठले आणि हातभर बाजूला सरकले. माझी मुलगी त्या मोकळ्या जागेत बसायला निघाली, तेव्हा आत्याबाईंनी न बघताच तिचा झगा धरून तिला आपल्या मांडीवर ओढून घेतलं.